‘मला माहीतच होतं!’ मग लिहिलं कुठे होतंस?



जगातली सगळ्यात स्वस्त वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे: सामना संपल्यावर केलेलं भाकीत. त्याला ना अक्कल लागते, ना हिंमत. निकाल समोर असतो, फक्त ‘मला माहीतच होतं’ एवढं म्हणायचं. दुसऱ्या नंबरची स्वस्त वस्तू म्हणजे सामन्याआधी छाती ठोकून केलेलं, पण कुठेही न लिहिलेलं भाकीत. निकाल बाजूने लागला की ते आठवतं, विरुद्ध गेला की ‘मी असं कुठे म्हणालो?’

आज या दोन्ही मालांविरुद्ध लिहायचं आहे. निमित्त बास्केटबॉलचं, त्यातही अमेरिकेतल्या एनबीएच्या सातव्या सामन्याचं.

गावाकडच्या वाचकांना वाटेल, कबड्डी-कुस्ती सोडून हा फौजी बास्केटबॉलवर कुठे घसरला? ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना हा प्रश्न पडणार नाही. युनिट कुठेही जावो, थोडी सपाट जागा सापडली की आधी व्हॉलीबॉलची जाळी लागते, मग बास्केटबॉलचे दोन खांब उभे राहतात. इंटर कंपनी सामन्यांत हाडं मोडेपर्यंत पोरं खेळतात. सध्या माझी पोस्टिंग पंजाबात आहे. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय, सतनाम सिंग, याच मातीतला. २०१५ साली डॅलसच्या संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं, तेव्हापासून इकडच्या पोरांना एनबीए परदेशातली वाटतच नाही.

आता सातवा सामना म्हणजे काय ते थोडक्यात. एनबीएच्या प्लेऑफमध्ये दोन संघ एकमेकांशी जास्तीत जास्त ७ सामने खेळतात. जो आधी ४ जिंकेल तो पुढे. ३-३ अशी बरोबरी झाली की उरतो सातवा. हरला तो घरी. ज्याची मोसमातली कामगिरी सरस, त्याच्या मैदानावर हा सामना होतो. अमेरिकेत बहुधा रात्र असते, आपल्याकडे पहाट. अंतिम फेरीचा सातवा बहुधा आपल्या साडेपाचला सुरू होतो, म्हणजे बरोबर पीटीच्या वेळेला. देवाने फौजीची परीक्षा घ्यायचं ठरवलं की असंच वेळापत्रक आखतो.

आणि या सामन्याच्या आदल्या दिवशी जो तो ज्योतिषी होतो.

मी मुद्दाम २०१६ पासून सुरुवात करतो, कारण त्या वर्षी भाकितांचा जो बाजार उठला तो मी जवळून पाहिला. तेव्हा आम्ही अरुणाचलात होतो. जूनमध्ये तिकडे सव्वाचार-साडेचारलाच सूर्य उगवतो, त्यामुळे साडेपाच म्हणजे चांगलं ऊन. एका बाजूला गोल्डन स्टेट वॉरियर्स. साध्या मोसमात ८२ पैकी ७३ सामने जिंकलेले, एनबीएच्या इतिहासातला विक्रम. स्वतःच्या मैदानावर ४१ पैकी ३९ जिंकलेले. दुसऱ्या बाजूला लेब्रॉन जेम्सचा क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स. चार सामन्यांनंतर वॉरियर्स ३-१ ने पुढे. त्याआधी अंतिम फेरीत ३२ संघ ३-१ ने मागे पडले होते आणि ३२ च्या ३२ हरले होते. आमच्या रिक्रिएशन रूममध्ये चर्चा संपली होती. क्लीव्हलँडचं नाव घेणाऱ्याला लोक पाणी पाजून झोपायला पाठवत होते.

मग पाचव्या सामन्यात वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन निलंबित झाला. लेब्रॉन आणि कायरी अर्व्हिंग दोघांनी ४१-४१ गुण केले. त्याच सामन्यात वॉरियर्सचा उंच सेंटर अँड्र्यू बोगट जखमी होऊन बाहेर गेला. सहावाही क्लीव्हलँडने मारला. ३-३. आता गंमत बघा. सहा सामन्यांत दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज केली तर वॉरियर्स ६१० आणि क्लीव्हलँडही ६१०. सहा सामने, शेकडो फेके, आणि फरक शून्य.

ज्या माणसाने ही बेरीज केली असेल त्याने सातव्याबद्दल काय म्हणायला हवं होतं? ‘दोन्ही बाजू समान, घरचं मैदान वॉरियर्सचं, म्हणून झुकतं माप वॉरियर्सला, पण थोडंच.’ प्रत्यक्षात काय ऐकू आलं? अर्धे म्हणाले, ‘७३ जिंकणारा संघ घरात हरत नाही.’ उरलेले म्हणाले, ‘लेब्रॉन अंगात आलाय, आता थांबत नाही.’ दोन्ही वाक्यांत खेळ कुठेच नाही. एकात इतिहासाचा दबदबा, दुसऱ्यात अंगात येण्यावरचा विश्वास. बोगटशिवाय वॉरियर्स बास्केटखाली काय करणार, यावर कुणी दोन मिनिटं बोलायला तयार नव्हता.

सामना ८९-८९ वर येऊन अडकला. शेवटच्या पाच मिनिटांत कितीतरी वेळ कुणाचाच चेंडू आत जाईना. १ मिनिट ५० सेकंद बाकी असताना आंद्रे इग्वोडालाचा सोपा वाटणारा फेक लेब्रॉनने मागून धावत येऊन बोर्डवर चेपला. ५३ सेकंद उरले असताना कायरीने स्टेफ करीच्या डोक्यावरून तीन गुणांचा फेक टाकला. ९३-८९. क्लीव्हलँड.

आमच्याकडे रात्रीच्या गार्डवरून उतरलेले सातआठ जण हे बघत होते. आठच्या सुमारास सामना संपला. साडेआठला लंगरात नाश्त्याच्या रांगेत उभा राहिलो, तर काय सांगू मंडळी, तिथल्या प्रत्येकाला क्लीव्हलँड जिंकणार हे माहीत होतं! ज्यांनी सामना पाहिला नव्हता त्यांना तर जास्तच माहीत होतं. ‘साब, मैंने तो पहले ही बोला था.’ कधी बोललास बाबा? कुणाला बोललास? पुरीवाल्या लांगरीला?

तुम्ही म्हणाल, गमतीची गोष्ट आहे, सोडून द्या. मी सोडत नाही, कारण ही सवय नाश्त्याच्या रांगेत थांबत नाही. ती माणसाबरोबर पुढे जाते. ती स्टुडिओत जाते. एखादी कारवाई झाली, एखादा अपघात झाला, की संध्याकाळी टीव्हीवर बसून ‘हे होणारच होतं’ म्हणणारे जे लोक दिसतात, त्यांत दुर्दैवाने आपल्यातलेही काही निवृत्त असतात. ज्याने निर्णय घेतला त्याने तो अंधारात घेतलेला असतो, अर्धवट खबरीवर, हातात वेळ नसताना. उजेडात बसून त्याला नावं ठेवणाऱ्याला त्या अंधाराची कल्पना नसते असंही नाही. तो स्वतः त्यातून गेलेला असतो. तरी बोलतो. म्हणून राग येतो.

याचं बास्केटबॉलमधलं सगळ्यात जुनं उदाहरण १९६९ चं. लॉस एंजेलिस लेकर्स विरुद्ध बोस्टन सेल्टिक्स, अंतिम फेरी, सातवा सामना, ५ मे. पहिल्या सहाही सामन्यांत यजमान संघच जिंकला होता आणि सातवा लेकर्सच्या मैदानावर होता. मालक जॅक केंट कूक यांना निकालाबद्दल इतकी खात्री, की त्यांनी छताला हजारो फुगे बांधून ठेवले आणि विजयानंतर काय काय होईल याचा छापील कार्यक्रमही तयार केला. तो कागद बोस्टनचा खेळाडू-प्रशिक्षक बिल रसेलच्या हाती लागला. पुढचं सांगायला नको. बोस्टन १०८-१०६ ने जिंकलं. लेकर्सच्या जेरी वेस्टने ४२ गुण केले. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, पण हरलेल्या संघातून हा मान मिळवणारा तो आजवर एकटाच. फुगे छतालाच राहिले.

फुग्यांची गोष्ट सगळे सांगतात. मला त्याच सामन्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. शेवटची पाचेक मिनिटं उरली असताना लेकर्सचा धिप्पाड विल्ट चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर आला. त्याच्या जागी आलेल्या खेळाडूबरोबर लेकर्सनी पिछाडी भरून काढली आणि फरक एका गुणावर आणला. विल्टने परत जायची परवानगी मागितली. प्रशिक्षक व्हान ब्रेडा कोल्फ यांनी नाही म्हटलं. जे पाच जण लढून सामना परत आणत होते, त्यांच्यावरच त्यांनी भरवसा टाकला. दोन गुणांनी हरले, आणि पन्नासहून जास्त वर्षं लोक त्यांना मूर्ख म्हणतात. लेकर्स तेच पाच जण ठेवून दोन गुणांनी जिंकले असते तर हेच लोक त्यांना धाडसी म्हणाले असते. निर्णय तोच, माणूस तोच. बदललं काय? बोस्टनच्या डॉन नेल्सनचा एक फेक कडेवर आपटून सरळ वर उडाला आणि खाली येऊन आत पडला. एवढंच.

मग निकालावरून निर्णयाची परीक्षा करायचीच नाही का? करायची. पण आधी काय माहीत होतं हे लिहिलेलं हवं. नाहीतर ती परीक्षा नसते, नुसतं वचपा काढणं असतं.

आता टक्केवारीवाल्यांकडे वळू. हे नव्या जमान्याचे ज्योतिषी. २०२५ धरून एनबीएच्या अंतिम फेरीत २० वेळा सातवा सामना झाला आणि त्यातले १६ यजमानांनी जिंकले. चांगली माहिती आहे, उपयोगाची आहे. पण तिचा अर्थ ‘यजमान जिंकणार’ असा नाही. पाचांत एकदा पाहुणा जिंकतो असा आहे. पाचांत एकदा म्हणजे किती? आमच्याकडे कुणी सांगितलं की या वाटेवर पाचांतल्या एका खेपेला दरड कोसळते, तर कोणता साहेब ‘मग काही होत नाही’ म्हणून कॉन्व्हॉय सोडेल?

२०१८ ची ह्यूस्टन रॉकेट्सची गोष्ट टक्केवारीवाल्यांना मी नेहमी सांगतो. तो संघ आकड्यांवर चालणारा. तीन गुणांचे फेक भरपूर टाकायचे, शंभरातले छत्तीसएक लागतात, हिशेब जुळतो. मोसमात ६५ सामने जिंकले. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत वॉरियर्सविरुद्ध ३-२ ने पुढे होते, मग ३-३. सातवा घरी. मध्यंतराला ११ गुणांनी पुढे. आणि तिथून तीन गुणांचे फेक हुकत गेले, हुकत गेले. सामन्यात एकूण सलग २७ हुकले. ४४ पैकी लागले फक्त ७. शंभरात ३६ या हिशेबाने सलग २७ हुकण्याची शक्यता लाखात एकही भरत नाही. पण फेक टाकणारा हात म्हणजे नाणं नव्हे. संघाचा सूत्रधार क्रिस पॉल पायाच्या स्नायूमुळे बाहेर बसलेला, बाकीच्यांवर दुप्पट भार, पाय जड झालेले, समोर वॉरियर्स. थकलेल्या पायातून निघालेला फेक आखूड पडतो हे इंटर कंपनी खेळलेला कुठलाही जवान सांगेल. हिशेबाच्या कागदावर पाय नव्हते.

म्हणजे आकडे फेकून द्यायचे? मुळीच नाही. आकडा हा गस्तीने आणलेल्या खबरीसारखा. घ्यायचा, तपासायचा, इतर खबरींशी ताडून बघायचा. त्याच्यामागे लपायचं नाही. ‘मी ८० टक्के म्हणालो होतो, उरलेले २० झाले’ असं म्हणणारा कधीच चुकत नाही. जो कधीच चुकू शकत नाही त्याने काही सांगितलेलंही नसतं.

फौजेत यासाठी एक जुनी रीत आहे. तिला आम्ही ॲप्रिसिएशन म्हणतो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, याचा कौतुकाशी संबंध नाही. आधी उद्देश लिहायचा. मग घटक: जमीन, हवामान, वेळ, आपलं बळ, समोरच्याचं बळ. मग समोरच्याला कोणकोणते मार्ग खुले आहेत ते मांडायचं. त्यातला सगळ्यात संभवनीय कोणता आणि आपल्याला सगळ्यात घातक कोणता, हे वेगवेगळं. मग आपले मार्ग, आणि शेवटी एक निवड. वाळूच्या मॉडेलभोवती उभं राहून हे मोठ्याने सांगावं लागतं. सगळ्यांसमोर. आणि काम झाल्यावर डीब्रीफमध्ये तेच कागद पुन्हा उघडतात.

अरुणाचलच्या त्या नाश्त्यानंतर आमच्या बटालियन हवालदार मेजरने हीच रीत बास्केटबॉलला लावली. माणूस मदुराईकडचा, काटेकोर. त्याने एक जुनं रजिस्टर काढलं आणि पट्टीने चार रकाने आखले. नाव. कोण जिंकणार. का. आणि चौथा रकाना: मी चुकेन केव्हा. पेनाने लिहायचं, पेन्सिल चालणार नाही. आदल्या संध्याकाळच्या रोल कॉलनंतर रजिस्टर बंद. पैसा, बाटली, काहीही लावायचं नाही. सामना झाल्यावर प्रत्येकाने आपली ओळ सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. शिक्षा म्हणा, बक्षीस म्हणा, तेवढंच. तिथून बदली झाली तशी मी ती रीत माझ्यासोबत घेऊन फिरतो आहे.

पहिल्याच खेपेला गंमत झाली. एरवी सगळ्यांच्या वरताण ओरडणारे चौथ्या रकान्यापाशी येऊन अडकले. ‘कोण जिंकणार’ याला एक सेकंद लागतो. ‘का’ याला पाच मिनिटं. आणि ‘मी चुकेन केव्हा’ याला रात्र पुरत नाही. कारण त्यासाठी समोरच्या संघाच्या जागी जाऊन बसावं लागतं.

गेल्या वर्षीची, २०२५ ची पानं माझ्यासमोर आहेत. ओक्लाहोमा सिटी थंडर विरुद्ध इंडियाना पेसर्स. ओक्लाहोमाने मोसमात ६८ सामने जिंकलेले, इंडियानाने ५०. सातवा ओक्लाहोमाच्या घरी, आपल्याकडे २३ जूनची पहाट. तीन ओळी सांगतो, नावं सांगत नाही.

पहिली: ‘ओक्लाहोमा. ६८ मॅच जीते हैं.’ चौथा रकाना रिकामा.

दुसरी एका मिझो लान्स नायकाची, मराठीत मीच उतरवतो: ‘ओक्लाहोमा. हॅलिबर्टनची पोटरी पाचव्या सामन्यात दुखावली आहे आणि दोन आठवड्यांची दुखापत एका आठवड्यात बरी होत नाही. मी चुकेन केव्हा: तो पूर्ण सामना धावला तर.’

तिसरी एका शीख नायकाची: ‘इंडियाना. ही टीम मागे पडली तरी तुटत नाही, पहिला सामना शेवटच्या सेकंदाला काढला आहे. मी चुकेन केव्हा: बॉल हातातून वारंवार गेला तर.’

सामना सुरू झाला. इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनने तीन गुणांचे तीन फेक मारले आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये, साधारण सातव्या मिनिटाला, कोसळला. ज्या पायाची पोटरी दुखावली होती त्याच पायाच्या टाचेवरची शीर तुटली. तो गेला, तरी मध्यंतराला इंडियानाच एका गुणाने पुढे होती, ४८-४७. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ओक्लाहोमाने सामना खेचला. १०३-९१.

निकाल धरला तर पहिला आणि दुसरा बरोबर, तिसरा चूक. मी असं मानत नाही. त्या दिवशी रजिस्टरमधली सगळ्यात चांगली ओळ मिझो पोराची, आणि दुसऱ्या नंबरची हरलेल्या पाजींची. सूत्रधार गेल्यावरही जी टीम मध्यंतराला पुढे राहते, तिच्याबद्दल ‘तुटत नाही’ हे त्यांचं निदान खरं होतं. पहिल्याची ओळ निकालाने बरोबर ठरली, पण तिच्यात काहीच नव्हतं. ती आंधळ्याने मारलेली गोळी, लागली म्हणून नेम म्हणायचं का? रेंजवर उस्ताद फक्त बुल मोजत नाही, ग्रुपिंग बघतो. सगळ्या गोळ्या बुलच्या डावीकडे पण एकत्र असतील तर त्या माणसाला नेमबाज करता येतं. इकडेतिकडे विखुरलेल्या पाचांतली एक बुलमध्ये गेली, तर त्याचं काहीच करता येत नाही.

एक चौथी जात राहिली. ती सगळ्यात हुशार समजली जाते. ‘अरे, जो चांगला खेळेल तो जिंकेल, भाकीत कशाला?’ वर मंद हसू. या शहाण्यांना माझा रामराम. जो चांगला खेळेल तो जिंकेल हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. प्रश्न कोण चांगला खेळेल आणि का, हा आहे. फौजेत ‘बघू उद्या काय होतं ते’ म्हणणाऱ्याच्या हाती सेक्शनसुद्धा देत नाहीत. चुकण्याची भीती वाटते म्हणून न बोलणं याला शहाणपण म्हणू नका.

आणि मग भक्त. दरवर्षी एकाच संघाचं नाव लिहिणारा. त्याची टिंगल सगळेच करतात, मी करत नाही. क्लीव्हलँड शहराने १९६४ नंतर कुठल्याच मोठ्या खेळात विजेतेपद पाहिलं नव्हतं. ५२ वर्षं. तिथला म्हातारा चाहता दरवर्षी ‘यंदा आपलंच’ म्हणत होता. ते भाकीत नव्हतंच. तो आपण कुणाच्या बाजूने उभे आहोत ते सांगत होता. २०१६ ला लाखो लोक त्या शहराच्या रस्त्यांवर आले, ते आपला अंदाज बरोबर आला म्हणून नाही. फक्त एक पथ्य पाळा: ‘का’ या रकान्यात सरळ ‘माझा संघ’ असं लिहा. निष्ठेला आकड्यांचा गणवेश चढवू नका. आमच्या रजिस्टरमध्ये अशा ओळी असतात आणि त्यांना कुणी हसत नाही.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि इथे मी गंमत बाजूला ठेवतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये खेळांवरच्या सट्ट्याला आड येणारा केंद्रीय कायदा रद्द केला. तीसहून अधिक राज्यांत सट्टा कायदेशीर झाला, लीगने सट्टा कंपन्यांशी करार केले. आता सामना दाखवतानाच भाव दाखवतात. परिणाम? एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोच्या जॉन्टे पोर्टर या खेळाडूवर आजन्म बंदी आली. स्वतःच्या तब्येतीची खबर सट्टेबाजांना दिली, आणि त्यांची बाजी लागावी म्हणून आजाराचं निमित्त करून सामन्यातून बाहेर पडला. त्याआधी २००७ मध्ये टिम डॉनाघी या पंचानेच आपण पंच असलेल्या सामन्यांवर पैसे लावल्याचं उघड झालं, तुरुंगात गेला. जिथे भाकिताला भाव लागतो, तिथे कुणीतरी निकाल विकायला बसतोच.

हे अमेरिकेतच राहिलं असतं तर मी लिहिलं नसतं. माझ्या एका आधीच्या युनिटमध्ये आपल्या मराठवाड्यातला एक पोरगा होता. बावीस-तेवीसचा, कामात तल्लख, खेळात तर विचारू नका. रजिस्टरमध्ये त्याच्या ओळी वाचायला मजा यायची. कुणीतरी त्याच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. ‘तुला एवढं कळतं, तर कमव की.’ पहिल्या आठवड्यात त्याला पैसे मिळाले, तिथेच घात झाला. सहा महिन्यांनी मला कळलं तेव्हा दोन पगार गेलेले, तीन मित्रांची उसनवारी, आणि घरी बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेला भोक पडलेलं. रजेवर जायला तयार नव्हता. वडिलांसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू, म्हणाला. सीओ साहेबांपर्यंत गोष्ट नेली, हप्ते बांधून दिले, माणूस वाचला. पण त्यानंतर तो रजिस्टरला कधी हात लावेना. खेळ बघणंच सोडलं त्याने. ॲपने त्याचे पैसे नेले हे एक. ज्या गोष्टीत त्याचं डोकं सगळ्यात छान चालायचं तीच त्याच्यासाठी विषारी करून टाकली, हे मला जास्त लागलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. उत्तम झालं. पण कायदा फोनच्या आत किती शिरतो हे आपण सगळे जाणतो. सीनियर मंडळींनी आपल्या सेक्शनमधल्या पोरांच्या फोनकडे आणि त्याहून जास्त चेहऱ्याकडे लक्ष ठेवावं. माजी सैनिकांनी घरात नातवंडांकडे. ‘एवढं कळतं तर कमव की’ हे वाक्य कानावर पडलं तर तिथेच थांबवा.

पुढच्या मोसमात पुन्हा कुठेतरी ३-३ होईल, पुन्हा पहाटे साडेपाचला चेंडू उडेल. बिनधास्त भाकीत करा. दुकानाच्या ओट्यावर करा, शाखेत करा, मेसमध्ये करा, आयपीएलचं करा, ग्रामपंचायतीचंही करा. फक्त एक वही ठेवा आणि चार रकाने आखा. नातवंडांनाही लिहायला लावा. निकालानंतर आपली ओळ मोठ्याने वाचा, आवाज खाली न आणता. आणि चौथा रकाना रिकामा सोडणाऱ्याला पेन परत द्या, म्हणावं, बस, अजून विचार कर, रोल कॉलला वेळ आहे.

जय हिंद.